डिस्प्लेच्या मोबाईलमधला संत्या

आधीच सांगून ठेवते... भूतबित, करणीबिरणी, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. आमच्या गल्लीत एक बाई अमावस्येला घुमायची. तिला मी भर गर्दीत म्हटलं होतं, "घुमून झालं की ब्लाउज घेऊन जा बाई, कधीचा शिवून पडलाय." अशी माझी जीभ. या सदरातले अनुभव मी दुपारी मशीन बंद ठेवून वाचते आणि निम्म्यांना मनातल्या मनात हसते. त्यामुळं तुम्ही मला हसलात तर राग नाही. फक्त अर्धवट सोडू नका.

मी सिडकोत राहते, ब्लाउज शिवते. आमचे हे चितेगावच्या एका कंपनीत आहेत. माहेर सिल्लोडच्या पुढं, एका खेड्यात. तिथं आई, माझा धाकटा भाऊ संतोष — आम्ही संत्याच म्हणतो — आणि त्याची बायको रेखा. संत्या एका मक्याच्या व्यापाऱ्याची पिकअप चालवायचा. व्यसन नाही, कुणाशी वाकडं नाही. वेड एकच, मोबाईल. घ्यायचा कमी आणि बघायचा जास्त. शोरूममधे काउंटरवर वायरीनं बांधलेले चालू फोन ठेवतात ना, गिऱ्हाइकानं हाताळून बघायला? शहरात आला की हा त्या प्रत्येकावर स्वतःचा एक फोटो काढून यायचा. "आक्का, माझा फोटू आख्ख्या औरंगाबादेत लागलाय बघ." मी म्हणायची, "हो का, मग आता इलेक्शनलाच उभा राहा."

(संभाजीनगर म्हणायचं आता, माहितीय मला. जुनी जीभ आहे, वळत नाही.)

दसरा होऊन गेला होता. सकाळी त्याचा फोन आला, "आक्का, एसटीतून उतरलो. एक मोबाईल बघतो अन् जेवायला येतो. ठेचा कर." मी ठेचा केला, भाकरी थापल्या, आणि जेवायची वेळ टळली तरी पोरगा येईना. फोन लावला तर बंद. हे कामावरून आले, आम्ही स्कूटरवर बसस्टँड, पैठण गेट, गुलमंडी, सगळं पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, जाऊन आलो. तिथं कुणी सापडलं नाही याचा आनंद करावा की काय करावं, तेच कळेना. पोलिसात मिसिंग लिहून दिलं. आई रोज फोनवर एकच विचारायची, "दिसला का गं?"

मला सांगा, मेलेल्या माणसाचं सुतक फिटतं. हरवलेल्याचं काय करायचं असतं? रेखा कुंकू लावताना आरशात बघायची नाही. आईनं त्याचं ताट वाढणं सोडलं नव्हतं. आणि मी इथं, ज्याला त्याला फोटो दाखवत फिरत होते... लोक नीट बघायचे सुद्धा नाहीत, लगेच मान हलवायचे.

तो मोबाईल बघायला गेला होता, एवढंच मला माहीत होतं. कुठल्या दुकानात ते माहीत नव्हतं. म्हणून मी एकेक दुकान धरलं. दिवाळी झाली आणि मी पैठण गेटकडून गुलमंडीकडं जाताना लागणाऱ्या एका मोठ्या शोरूममधे शिरले. नाव सांगत नाही, त्यांनी माझं काही वाईट केलं नाही.

हे दुकान माझ्या ओळखीचं. आमचा फ्रीज तिथलाच. आत शिरलं की फ्रीजची लांबच लांब रांग, पलीकडं वॉशिंग मशीन, आणि भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच मासा पोहत असायचा. आता बघते तर हॉल मोकळा. मधे एक सोफा, समोर मोठा स्क्रीन, कोपऱ्यात नावाला एक फ्रीज आणि एक मशीन. बाकी सगळा माल म्हणे स्क्रीनवर बघायचा, पसंत करायचा, गोडाऊनमधून घरी येतो.

गिऱ्हाइकं चिडलेली होती. पैठणकडचं एक जोडपं मुलीच्या लग्नाचं सामान घ्यायला आलं होतं. बाईंनी विचारलं, "फ्रीज कुठं हायेत?" टाय लावलेल्या मॅनेजरनं स्क्रीनकडं हात केला. बाई जवळ जाऊन म्हणाल्या, "ह्याचं दार कसं उघडू?" त्यांचे मालक म्हणाले, "साहेब, पोरगी बघायला येणारे तिला चालून दाखव म्हणत्यात, अन् तुम्ही आमाला नुस्ता फोटू दावता व्हय?" एक म्हातारे चाचा सोफ्यावर बसल्या बसल्या बोलले, "मियाँ, फोटू में तो बरफ बी नै जमता. हात लगाए बगैर कैसा लेना?" मॅनेजर सगळ्यांना एकच सांगत होता, "आता सगळीकडं असंच होणार." आणि गंमत म्हणजे कुरकुर करत का होईना, शेवटी सगळ्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलंच.

मोबाईलच्या काउंटरवर मुजीबभाई म्हणून सेल्समन होते, पिकलेल्या दाढीचे, शांत. मी त्यांना संत्याचा फोटो दाखवला. त्यांनी मात्र तो हातात घेऊन नीट बघितला. "ताई, सीझन में इतने लोग आते... याद नै आता." काउंटरवरही फोन थोडेच उरले होते. बाकीच्या जागी डमी, म्हणजे आत काही नसलेले प्लास्टिकचे नुसते आकार. हेही चालू फोन कंपनी परत मागवतेय, ते म्हणाले.

मी उगीच एक फोन उचलला. संत्याची सवय आठवली असेल, गॅलरी उघडली. दिवसभरात लोकांनी काढलेले फोटो... कुणाचा नुसता कान, छताचा पंखा, एका बाळाचं नाक. मी बोटानं सरकवत होते आणि पुढच्या फोटोत संत्या होता.

तोच चौकडीचा शर्ट. नेहमीसारखा एक डोळा बारीक केलेला. फक्त दाढी वाढलेली आणि गाल आत गेलेले. माझ्या तोंडातून काय निघालं मला आठवत नाही, पण दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. मी रडत होते आणि हसत पण होते. जिवंत आहे, माझा भाऊ जिवंत आहे, एवढंच डोक्यात.

मुजीबभाईंनी फोटोवरची वेळ बघितली. ती त्याच सकाळची होती. त्यांचा चेहरा उतरला. "ताई, मैं सुबे से इधरिच खड़ा हूँ. ये नै आया." मी म्हटलं, जुना असेल, वेळ चुकली असेल. ते म्हणाले, दुकान बंद झालं की हे फोन रोज अपने आप साफ होतात, कालचं काही उरत नाही. मॅनेजरनं नाइलाजानं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दाखवलं. त्या वेळेला काउंटरपुढं कुणीच नव्हतं. फोन स्टँडवर जागच्या जागी उभा होता.

मी डेमो फोनच्या स्क्रीनचा माझ्या मोबाईलवर फोटो काढला आणि थेट पोलीस स्टेशन गाठलं. तिथले हवालदार भले माणूस, पण म्हणाले, "ताई, चांगलीच गोष्ट हाय की. जित्ता हाय, शहरात फिरतोय, मोबाईल बघतोय. सज्ञान माणूस हाय, त्याला यायचं नसंल घरी." मी म्हटलं, "अहो पण रेकॉर्डिंगमधे तो नाही." ते म्हणाले, "कॅमेऱ्याचं काय खरं असतंय व्हय?"

घरी ह्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. ह्यांना काही पटवायचं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. म्हणाले, "अगं, ह्याच्या मागं बघ." माझं लक्ष नुसतं त्याच्या चेहऱ्यावर होतं. मागं फ्रीजची रांग होती. भिंतभर टीव्ही होते, सगळ्यांवर तो मासा. दिवाळी झाल्यावर त्या दुकानानं उचलून नेलेला सगळा माल संत्याच्या पाठीमागं जसाच्या तसा उभा होता, आणि एवढ्या मोठ्या दुकानात दुसरं एकही माणूस नव्हतं.

"म्हंजे जुना फोटो," हे म्हणाले. मी विचारलं, "मग दाढी? घरून निघाला तेव्हा गुळगुळीत दाढी करून निघाला होता, रेखाला विचारा." ह्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या आधी पायरीवर होते. मुजीबभाई फोन साफ झालेले दाखवायला लागले, गॅलरी रिकामी. मी तिथंच उभी राहिले. डोळ्याचं पातं लवू दिलं नाही म्हटलं तरी चालेल. थोड्या वेळानं एक गिऱ्हाईक मधे आलं म्हणून जरा सरकले, पुन्हा उघडून बघते तर संत्या. दाढी आणखी थोडी वाढलेली. मुजीबभाईंनी फोन खाली ठेवला आणि टोपी काढून पुन्हा घातली.

तेव्हापासून माझा नेम झाला. रोज जायचं. गावी आईला मात्र अजून काही सांगितलं नव्हतं. कधी या फोनमधे, कधी त्या, पण एक फोटो असायचाच. ब्लाउज तसेच पडले, बायका घरी येऊन बोलून जायला लागल्या. सुट्टीच्या दिवशी हे सोबत आले, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. घरी आल्यावर पाणी पिऊन म्हणाले, "खातो काय गं तो तिथं?"

त्या प्रश्नानं माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी मी डबा नेला. भाकरी, ठेचा, पिठलं. काउंटरवर त्या फोनशेजारी ठेवला. लोक हसले. हसू देत. एक बाई दुसरीला म्हणाली, "मोबाईलला नैवेद्य दावतीया." संध्याकाळी डबा जसाच्या तसा. रोज नेला, रोज तसाच परत आणला. आणि फोटोत संत्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती.

मग मला सुचलं की त्याचे फोटो जर इथं येतात तर माझे तिकडं दिसत असतील. मी त्या फोनवर स्वतःचे फोटो काढायला लागले. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "संत्या घरी ये, आई वाट बघते," तो छातीशी धरून काढला. त्या दिवशी नंतर आलेल्या फोटोत त्याचे डोळे लाल होते. तो समोर बघत नव्हता, खाली बघत होता, जसं माणूस हातातल्या फोनवर काही वाचतं तसं. मुजीबभाई म्हणाले, "पढ़ लिया उसने." मी काउंटरवर डोकं टेकून रडले. कुणाच्या बापाची लाज वाटली नाही मला.

आता तुम्हाला कळेल की ते काउंटरवरचे फोन माझ्यासाठी काय होते. पण कंपनीचा माणूस यायचा, बॅग उघडायचा आणि एकेक चालू फोन काढून त्याजागी डमी लावायचा. उरलेल्या फोनमधे संत्या दिसत राहिला, पण डमीत कसा दिसणार? डमीवर नुसतं छापील चित्र चिकटवलेलं असतं. गिऱ्हाइकं डमी हातात घेऊन दाबायची, चालू होईना म्हणून वैतागायची. "अरे हे काय खेळणं हाय का?" मला वाटलं, हेच लोक माझ्या कामाला येतील. मी एकेकाला धरून म्हणायची, "मॅनेजरला सांगा ना, चालू फोन पाहिजेत, नाहीतर घेणार नाही म्हणा." सगळे हो हो म्हणायचे. "बरोबर हाय ताई, बघितल्याबिगर कसं घ्यायचं." आणि मग स्क्रीनवर बोट ठेवून निघून जायचे. त्यांना काय, त्यांचा फोन घरी येणार होता.

शेवटी एकच चालू फोन राहिला. मी मॅनेजरला म्हटलं, "हा मला विका." तो म्हणाला, "मॅडम, डेमो सेट विकायला परवानगी नाही, हा कंपनीला परत जातो." मी म्हटलं, "माझं मंगळसूत्र ठेवून घ्या." तो घाबरून दोन पावलं मागं सरला. मला आता त्याचाही राग येत नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही त्या बाईला वेडीच समजले असते.

आणि तो दिवस आला. भर दुपार होती, दुकानात बऱ्यापैकी गर्दी. कंपनीचा माणूस बॅग घेऊन आला. मी फोन दोन्ही हातांनी धरून ठेवला, वायरीसकट. वायर ओढली गेली आणि भोंगा वाजायला लागला. मॅनेजर आला, "मॅडम, सोडा, तमाशा करू नका." मग मात्र माझा तोल सुटला. मी त्याला काय काय बोलले... "तुमच्या घरचं माणूस असतं म्हंजे कळलं असतं. तुमचे फ्रीज न्या, टीव्ही न्या, दुकान विकून खा, पण हा एक राहू द्या." तो बोलायला लागला की मी आणखी चढ्या आवाजात. गिऱ्हाइकं गोल करून उभी. माझा एक हात फोनवर, दुसरा त्याच्या तोंडापुढं. किती वेळ भांडत होते कुणास ठाऊक.

भोंगा मुजीबभाईंनी बंद केला. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, देने से पहले एक बार देख लो."

मी गॅलरी उघडली. एकच फोटो होता, आत्ताचा, त्या मिनिटाचा.

त्यात संत्या होता, हात लांब करून फोटो काढणारा. आणि त्याला खेटून, त्याच्या खांद्याशी, मी होते. अंगावर तीच साडी, जी मी त्या वेळी नेसलेली होते. तोंड उघडं, कपाळाची शीर ताठलेली, बोट समोर रोखलेलं. मी कुणावर तरी ओरडत होते, पण फोटोत मॅनेजर नव्हता, गिऱ्हाइकं नव्हती, मुजीबभाई नव्हते. आम्ही दोघंच, आणि मागं फ्रीजची रांग. संत्या कॅमेऱ्याकडं बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता. त्याचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता.

मी गर्रकन वळले. मागं स्क्रीन, सोफा आणि माझ्याकडं बघणारी माणसं.

खांद्यावर मला काही जाणवलं नव्हतं. आजही आठवून बघते... भार, ऊब, काहीच नाही. मी पुन्हा फोनकडं बघेपर्यंत मॅनेजरनं तो माझ्या हातातून काढून घेतला होता. कंपनीच्या माणसानं तिथल्या तिथं बटणं दाबली. स्क्रीन पांढरा झाला आणि कुठली भाषा पाहिजे ते विचारायला लागला.

मुजीबभाईंनी तो फोटो बघितला होता. ते मला पायरीपर्यंत सोडायला आले. "मैंने देखा, ताई," एवढंच म्हणाले. पुढं त्यांनी ती नोकरी सोडली. मी फोन केला तर ख्यालीखुशाली विचारतात, त्या विषयावर बोलत नाहीत.

संत्याचा अजून पत्ता नाही. पोलिसांच्या लेखी तो मनानं निघून गेलेला माणूस आहे. माझ्या मोबाईलमधे तो पहिल्या दिवशी काढलेला फोटो तेवढा आहे (पुढचे काढून ठेवावेत असं सुचलंच नाही, रोज नवा असायचाच), पण त्यावर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा आलाय. ज्याला बघायचं त्याला दिसतं, ज्याला नाही त्याला नाही. शहरात कुठं चालू फोन ठेवलेले दिसले की मी अजून आत जाते, पण आता बहुतेक ठिकाणी डमीच आहेत. त्याचे फोटो तिथं कसे येत होते, तो कुठल्या दुकानात उभा होता, मी त्या फोटोत कशी आले, यातलं मला काही सांगता येत नाही. हे म्हणतात, कुणाला सांगू नको. मी सांगितलं, कारण तुमच्यापैकी कुणाला त्या गॅलऱ्यांमधे चौकडीच्या शर्टातला माणूस दिसला तर निदान त्याला हाक मारा.

त्या दिवशी दुकानातून निघाले ती तशीच एसटीनं माहेरी गेले. रेखा ओसरीत उभी होती, माझा चेहरा बघून आत गेली. आई अंगणात मक्याची कणसं सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, आज संत्या दिसला. अगदी माझ्याजवळ होता."

आईच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. तिनं विचारलं, "काय म्हनला?"

मी म्हटलं, "काही नाही आई. मीच बोलत होते."